साठ मुलांच्या वर्गात मागे पडणारं मूल आणि बारा मुलांची शाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका आईचा मुलगा सहावीत, सेमी इंग्रजी शाळेत आहे. वर्गात साठ मुलं. वाचताना अडखळतो, पाढे लक्षात राहत नाहीत, वह्या अपूर्ण असतात, आणि डायरीत रोज शेरा येतो. घरी तोंडी विचारलं तर मात्र विज्ञानाचा धडा व्यवस्थित समजावून सांगतो. कुणीतरी त्यांना बारा-पंधरा मुलांचा वर्ग असलेली एक छोटी शाळा सुचवली आहे. तिथे घालून खरंच फरक पडेल का, दहावीचं काय होईल, आणि पुढे तो पुन्हा मोठ्या शाळेत जाऊ शकेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार ताई. मी विशेष शिक्षिका आहे. आधी मोठ्या शाळेत मराठी शिकवलं, मग पुढची सगळी वर्षं अशाच मुलांबरोबर छोट्या गटांत काम केलं. तुमच्या मुलाचं वर्णन वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी मुलं आली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फरक पडतो. पण वर्ग लहान आहे एवढ्यानेच पडत नाही. मूल नेमकं कुठे अडलं आहे ते शोधून तिथून शिकवलं तर पडतो. मुलं कमी असली की शिक्षकाला हे करायला सवड मिळते, एवढंच लहान वर्गाचं काम. ती सवड वापरलीच नाही, तर बारा मुलांच्या वर्गातही तुमचा मुलगा शेवटच्या बाकावरच राहील.

याचा फार चांगला पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांमध्ये ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला होता. वस्तीतलीच, माध्यमिक शाळा पूर्ण केलेली एखादी तरुण मुलगी तिसरी-चौथीच्या वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास बाजूला घेऊन बसायची. अक्षरं, शब्द, अंक, बेरीज-वजाबाकी, एवढंच शिकवायची. २००१ ते २००३ या काळात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपक्रम शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासला आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सगळ्यात मागे असलेल्या मुलांनी सगळ्यात जास्त प्रगती केली होती. या अभ्यासातली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ही पंधरा-वीस मुलं बाहेर गेली की मूळ वर्ग आपोआप लहान व्हायचा. तिथे प्रशिक्षित, कायम नोकरीतले शिक्षक होते. तरीही त्या लहान झालेल्या वर्गातल्या मुलांची प्रगती फारशी वाढली नाही, कारण तिथे तेच पुस्तक त्याच वेगाने पुढे चाललं होतं. बीएड नसलेल्या मुलीला जे साधलं ते तिथे साधलं नाही, कारण ती मुलाच्या पातळीपासून सुरुवात करत होती.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ दरम्यान झालेल्या मोठ्या प्रयोगात मात्र नुसत्या लहान वर्गाचाही फायदा दिसला होता. तेरा ते सतरा मुलांच्या वर्गातली मुलं बावीस ते पंचवीस मुलांच्या वर्गातल्या मुलांपेक्षा पुढे राहिली, आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांना जास्त लाभ झाला. ते वर्ग बालवाडी ते तिसरीचे होते. त्या वयात सगळ्याच मुलांची सुरुवात होत असते, त्यामुळे शिक्षकाचं लक्ष जरा जास्त गेलं तरी पुष्कळ होतं. सहावीत येईपर्यंत मुलांमधलं अंतर तीन-तीन, चार-चार इयत्तांचं झालेलं असतं, तेव्हा नुसतं लक्ष पुरत नाही. शिवाय त्या प्रयोगातला ‘मोठा’ वर्गसुद्धा पंचविसाचा होता, तुमच्याकडे साठ आहेत, हेही लक्षात घ्या.

साठ मुलांच्या वर्गात काय होतं त्याचा हिशोब मांडून बघा. पस्तीस मिनिटांची तासिका शिक्षिकेने सगळीच्या सगळी एकेका मुलाला द्यायची ठरवली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. हजेरी, फळा आणि शिस्त यांचा वेळ वजा केला की काहीच उरत नाही. बारा मुलांत हेच जवळपास तीन मिनिटं होतात. तीन मिनिटांत मूल एक परिच्छेद वाचू शकतं आणि शिक्षिका त्याची चूक ऐकू शकते. म्हणून मोठ्या शाळेतल्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी कितीही मनापासून केलं तरी तुमच्या मुलाचं वाचन त्यांच्या कानांवर महिन्यातून एखाद्या वेळीच पडत असणार.

आता अडलेली जागा शोधायची कशी ते सांगते, कारण चांगली छोटी शाळा आणि नुसती छोटी शाळा यांतला फरक इथेच कळतो.

सहावीतल्या मुलाला वाचता येत नाही म्हटलं की लोक समजतात त्याला अक्षरं येत नाहीत. बहुतेकदा अक्षरं येत असतात. मी अशा मुलासमोर आधी दुसरीच्या पुस्तकातला उतारा ठेवते, मग तिसरीचा, मग चौथीचा, आणि कुठे गाडी रखडते ते बघते. नंतर अर्थ नसलेले शब्द वाचायला देते: टिमोळ, गेपूस, झर्क्या, नुष्टी. हुशार मुलं ओळखीच्या मजकुरात अंदाज मारून पुढे जातात, चित्र आणि पहिलं अक्षर बघून ‘शाखा’च्या जागी ‘शाळा’ म्हणतात, ‘पाण्यात’च्या जागी ‘पाणीत’ म्हणतात, आणि गोष्ट जुळतही जाते. निरर्थक शब्दात अंदाज चालत नाही. तिथे लगेच कळतं की ऱ्हस्व-दीर्घ सोडा, मुलाला काना-मात्राच पक्क्या नाहीत, किंवा मात्रा पक्क्या आहेत पण जोडाक्षर आलं की तो थांबतो. आपल्या लिपीत एकट्या ‘र’ची किती रूपं आहेत बघा: प्रकाश, सूर्य, ट्रक, सुऱ्या. भ आणि म, घ आणि ध, य आणि थ यांच्यातला गोंधळ काही मुलांच्या बाबतीत पाचवीपर्यंत टिकतो.

दुसरीत जोडाक्षरं शिकवली जातात तेव्हा मूल आजारी होतं, किंवा शाळा बदलली होती, किंवा त्याला वाचनक्षमतेचाच त्रास होता आणि इतरांपेक्षा चौपट सराव हवा होता. वर्ग पुढे गेला. तिसरीच्या बाईंनी ते गृहीत धरलं, चौथीच्या बाईंनीही धरलं. सहावीच्या बाईंना तर पुस्तक पुरं करायचं असतं. सहावीत जोडाक्षरं शिकवणं हे कुणाचंच काम नसतं. छोट्या शाळेत ते कुणाचं तरी काम असतं, हा मला तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

चांगल्या ठिकाणी हे काम असं चालतं. वाचनाच्या वेळी इयत्ता बाजूला ठेवतात. जोडाक्षरांवर अडलेली तीन-चार मुलं, मग त्यातलं कुणी चौथीतलं असो वा सातवीतलं, रोज वीस-पंचवीस मिनिटं एकत्र बसतात. एका आठवड्यात एकच गोष्ट, समजा रफार. ते वाळूत बोटाने काढायचं, मोठ्याने उच्चारायचं, पत्त्यांवर जुळवायचं, आणि मुद्दाम रफाराचे शब्द पेरलेला सात-आठ ओळींचा उतारा सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज वाचायचा. सोमवारी चार मिनिटं लागली आणि शुक्रवारी दोन, हे मूल स्वतःच आपल्या तक्त्यावर लिहितं. शेजारच्याशी तुलना नाही, स्वतःच्याच सोमवारशी आहे. पुढच्या सोमवारी रफार पक्का झाला नसेल तर आराखडा बदलतो, मूल तेच पुन्हा वेगळ्या रीतीने करतं.

आणि दिवसाचा उरलेला वेळ? तो मला वाचनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. वाचन तिसरीचं आहे म्हणून इतिहास-विज्ञानही तिसरीचं द्यायचं नाही. धडा वाचून दाखवायचा, ध्वनिमुद्रण ऐकवायचं, प्रयोग करायचा, नकाशावर बोट ठेवून बोलायचं, आणि उत्तर तोंडी घ्यायचं किंवा आकृतीतून. तुमचा मुलगा विज्ञानाचा धडा तोंडी सांगतो असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे त्याची समज त्याच्या वयाची आहे, फक्त लेखी मार्ग बंद आहे. मोठ्या वर्गात तो मार्ग हा एकमेव मार्ग असतो, म्हणून मूल सगळ्याच विषयांत नापास ठरतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला शाळेने भूगोलात शून्य दिलं होतं. तो घाटात ट्रक चालवणाऱ्या वडिलांबरोबर फिरलेला होता आणि कोयनेपासून चिपळूणपर्यंतचा रस्ता, पाऊस, पिकं सगळं सांगू शकत होता. त्याला नकाशा वाचायला शिकवायला आठवडा पुरला.

गणिताबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. मराठीत एक ते शंभरपर्यंतचे आकडे म्हणताना एकक आधी येतो आणि दशक नंतर. पंचेचाळीस म्हणताना पाच आधी, लिहिताना चार आधी. त्यात एकोणसाठ, एकोणसत्तर म्हणताना पुढच्या दशकाचं नाव घ्यायचं. बहुतेक मुलं हे तीन-चार वर्षांत सहज उचलतात. ज्याची तात्पुरती स्मरणशक्ती कमजोर आहे ते मूल चोपन्न ऐकून पंचेचाळीस लिहितं आणि बेरीज बरोबर करूनही उत्तर चुकतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की हे मुलांना सोपं जावं म्हणून आहे. या मुलांबरोबर काम करणाऱ्या आम्हा लोकांना त्यांचं म्हणणं तेव्हाच पटलं होतं. छोट्या गटात आम्ही आजही आधी ‘पन्नास चार’ म्हणवतो, काड्यांचे गठ्ठे आणि शंभर मण्यांची माळ हातात देतो, आणि मग चोपन्नवर येतो. पाढ्यांचंही तसंच. पाढे पाठ नाहीत म्हणून भागाकार अडवून ठेवायचा नाही. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून भागाकाराची रीत शिकू द्यायची, पाढे बाजूने चालू राहतात.

हे सगळं शिकवण्याचं झालं. पण छोट्या शाळेत मुलात पहिला बदल दिसतो तो गुणांत नसतो.

वर्षानुवर्षं मागे पडलेलं मूल लपायला शिकलेलं असतं. वाचनाची पाळी जवळ आली की त्याला लघवीला जायचं असतं, पेन्सिलीचं टोक मोडतं, रविवारी संध्याकाळी पोट दुखतं. काही मुलं वर्गात विनोद करून हशा मिळवतात, कारण ‘मस्तीखोर’ म्हणवून घेणं ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा परवडतं. साठ मुलांत असं लपणं जमून जातं. बारा मुलांत जमत नाही. म्हणून पहिले काही आठवडे काही मुलं छोट्या शाळेत जास्तच बिथरतात. पालक घाबरून मूल परत काढतात. कृपा करून इतक्या लवकर निर्णय घेऊ नका. लपायला जागा नाही, पण चुकलं तरी काही वाईट होत नाही, हे त्याला पटायला वेळ लागतो.

ते पटवण्याचं साधन अगदी साधं आहे: थांबणं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली तर उत्तरं लांब आणि नेमकी होतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. साठ मुलांत पाच हात वर असताना शिक्षकाने सहाव्यासाठी थांबणं कठीण असतं. लहान गटात ते जमतं. तुमचा मुलगा एक दिवस घरी येऊन म्हणेल, ‘आज मी बाईंना म्हटलं मला नाही कळलं, पुन्हा सांगा.’ ते वाक्य ऐकलं की समजा शाळा लागू पडतेय. वाचन सुधारायला त्यानंतर बरेच महिने लागतील.

मूल जिथे आहे तिथून सुरुवात करणारी शाळा हे काही परदेशातून आलेलं खूळ नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत ते पाहिलं, मुलं गुरं चारायला जातात हे कळलं, तेव्हा शाळाच कुरणावर नेली. त्या कुरणशाळेत मुलाच्या परिस्थितीपासून सुरुवात होती. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद’ ही छोटी शाळा काढली, शिक्षक-प्रशिक्षणात आयुष्य घालवल्यावर. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी शाळेबाहेर राहिलेल्या आणि शाळेत असूनही वाचता न येणाऱ्या मुलांपासून सुरुवात करून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली, आणि मराठी वाचन शिकवण्याची क्रमवार पद्धत बसवली.

आणि खेड्यांत तर छोट्या शाळा हजारोंनी आहेत. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या आसपास निघाल्या, आणि २०२३ मध्ये त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. माझं मत स्पष्ट आहे: शहरातले पालक लाखभर रुपये फी भरून जी मुलांची संख्या विकत घेतात, ती वाडी-वस्तीवर फुकट मिळतेय, ती मोडू नये. तिथे दोन शिक्षक, चार इयत्ता आणि माहिती भरण्याची अखंड कामं असतात, त्यामुळे पट कमी असूनही मुलाकडे लक्ष पोहोचत नाही, हेही खरं. पण यावर उपाय शाळा बंद करणं नाही, शिक्षकाला मोकळं करणं आहे. घरी पावरी किंवा गोरमाटी अशी वेगळी बोली बोलणारं मूल, ऊसतोडीला जाऊन मार्चमध्ये परतलेलं मूल, यांना तर अशा शाळेची तुमच्या-माझ्या मुलांपेक्षा जास्त गरज आहे. विषय थोडा लांब गेला, पण हे सांगितल्यावाचून राहवलं नाही.

आता तुम्ही लगेच काय करायचं ते सांगते.

शाळा बदलण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. शाळेतली तपासणी धरू नका, ऑडिओमेट्री म्हणजे यंत्रावरची श्रवणचाचणी करा. सतत सर्दी होणाऱ्या मुलांना मधूनमधून कमी ऐकू येतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. हिमोग्लोबिन बघा, झोप बघा. मूल मध्येच काही सेकंद हरवल्यासारखं टक लावून बसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम सांगा, तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. मग मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षकांकडून सविस्तर मूल्यमापन करा. अध्ययन अक्षमता, म्हणजे समज चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितातच अडचण, असेल तर तिचं अधिकृत प्रमाणपत्र ठरावीक शासकीय आणि पालिका रुग्णालयांतून मिळतं. मुंबईत सायन आणि नायर इथे हे काम वर्षानुवर्षं चालू आहे, तुमच्या जिल्ह्यात कुठे होतं ते जिल्हा रुग्णालयात विचारा. खासगी रिपोर्ट शिकवण्यासाठी उपयोगी पडतो, बोर्डाच्या सवलतीसाठी अधिकृत प्रमाणपत्रच लागतं. भेटीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून आत्ताच सुरुवात करा.

प्रमाणपत्राला घाबरू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे. महाराष्ट्राने तर १९९६ पासूनच दहावीला या मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली होती. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय, अशा या सवलती आहेत. सवलत घेणं म्हणजे लबाडी नव्हे. तुमच्या मुलाला विज्ञान येतं, ते त्याला कागदावर पोहोचवता यावं यासाठी ती आहे.

मूल्यमापनात अध्ययन अक्षमता न निघता बुद्ध्यांक जरा कमी निघाला, ज्याला आपण स्लो लर्नर म्हणतो, तर कायद्याचं संरक्षण फारसं मिळत नाही. त्या मुलांना छोट्या शाळेचा आधार सगळ्यात जास्त लागतो, आणि तिथे अपेक्षा वेगळ्या ठेवाव्या लागतात. पण तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत आणि खेळणी बघू नका. एखाद्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा नाव झाकून दाखवा म्हणा. त्यात ‘वाचन सुधारणे’ असं लिहिलं असेल तर तो आराखडा नव्हे. ‘सप्टेंबरअखेर दोन अक्षरी जोडाक्षरांचे शब्द न अडखळता वाचेल, आठवड्यातून दोनदा तपासणी’ असं असेल तर पुढे बोला. गेल्या महिन्यात कुणाचा आराखडा बदलला आणि का, ते विचारा. खरं काम करणाऱ्या शिक्षिका यावर दहा मिनिटं बोलतील. विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे किती शिक्षक नोंदणीकृत आहेत ते विचारा. एक तास वर्गात मागे बसू देतील का ते विचारा. मुलं मधल्या सुट्टीत काय खेळतात ते बघा. बारा मुलांत क्रिकेटचा संघ होत नाही, आणि सहावीतल्या मुलाला दोस्त लागतात. इथे छोट्या शाळा कमी पडतात. त्यामुळे संध्याकाळचं मैदान, सोसायटीतली मुलं, पोहणं किंवा तबला, यातलं काहीतरी तुम्हाला घट्ट धरून ठेवावं लागेल.

तीन महिन्यांत ‘बरं’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या मिडब्रेनवाल्यांपासून लांब राहा. काही ठिकाणी बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या १९८४ च्या लेखाचं नाव घेतील, एकास एक शिकवलं की सर्वसाधारण मूल शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे जातं म्हणून. पुढच्या काळात झालेल्या काळजीपूर्वक अभ्यासांत एवढी मोठी झेप दिसलेली नाही. भक्कम, पण बेताची प्रगती दिसते. तीच अपेक्षा ठेवा.

फी परवडत नसेल तर मन खट्टू करून घेऊ नका. आहे त्याच शाळेत ठेवा आणि आठवड्यातून तीन दिवस तीन-चार मुलांच्या गटात रेमेडियल, म्हणजे अडलेल्या जागेपासून शिकवणारा वर्ग, लावा. तीस मुलांची शिकवणी मात्र बंद करा, तिथे शाळेचंच पुन्हा होतं आणि मूल आणखी थकतं. शाळेला लेखी अर्ज द्या: मोठ्याने वाचायला सगळ्यांसमोर उभं करू नका, फळ्यावरचं उतरवायला वेळ द्या किंवा मित्राच्या वहीचा फोटो चालू द्या, जमेल तिथे तोंडी परीक्षा घ्या. कायद्याने हे त्यांचं कर्तव्य आहे, पण अर्जात कायदा दाखवण्याआधी वर्गशिक्षिकेशी एकदा निवांत बोला, त्याने जास्त काम होतं. घरी रोज पंधरा मिनिटं आजी, बाबा, कुणीही त्याच्याबरोबर एकाच सुरात वाचायचं. तो अडला की तीन सेकंद थांबून शब्द सांगून टाकायचा आणि पुढे जायचं. उपदेश करायचा नाही. यानेही वर्षभरात पुष्कळ होतं.

दहावीचं म्हणाल तर तीन वाटा आहेत. शाळा मान्यताप्राप्त असेल तर राज्य मंडळाची नेहमीची परीक्षा, सवलतींसह. मान्यता नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून. किंवा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिथे किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. एका वेळी एक-दोन विषयही देता येतात, मराठी माध्यमही आहे. ज्याची तयारी एकदम सहा विषय पेलण्याची नाही त्याला हा मोठा दिलासा आहे. गणित न घेता दहावी होता येतं, पण त्यामुळे पॉलिटेक्निकसारख्या पुढच्या काही वाटा बंद होतात, हे आधी समजून घ्या आणि मुलालाही सांगा. तो ज्या शाळेत जाईल तिला मान्यता आहे का, यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. बरीच छोटी केंद्रं शाळा म्हणून नोंदलेली नसतात. त्यात वाईट काही नाही, फक्त तुम्हाला ते प्रवेशाआधी माहीत हवं. राज्याच्या शाळांत २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा उत्तीर्ण व्हावी लागते, त्यामुळे आठवीही नजरेसमोर ठेवा. सवलतींची कागदपत्रं नववीतच पूर्ण करा.

आणि परत मोठ्या शाळेत? जाता येतं. माझ्या माहितीतली बरीच मुलं आठवीत किंवा नववीत परत गेली, काही अकरावीला थेट कॉलेजात गेली. शिक्षण हक्क कायद्यानुसार चौदा वर्षांपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, त्यामुळे कागदोपत्री अडचण फारशी नसते. तयारी झाली की नाही ते मी दोन गोष्टींवरून ओळखते. त्याच्या इयत्तेचं पुस्तक तो हळू का होईना पण अंदाज न मारता वाचतो का? आणि आपल्याला काय जड जातं व काय केलं की जमतं, हे तो स्वतः नव्या बाईंना सांगू शकतो का? ‘मला उतरवायला वेळ लागतो, मी नंतर पूर्ण करून दाखवू का?’ एवढं तो न बिचकता बोलला पाहिजे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा उशिरा येते, आणि ती नसताना परत पाठवलेली मुलं पुन्हा लपायला लागतात.

बदल जूनमध्येच करा, वर्षाच्या मध्ये नको. नव्या वर्गशिक्षिकेला एका पानाची टिपणी द्या: याला काय चांगलं येतं, काय जड जातं, कशाने मदत होते. वीस पानी रिपोर्ट कुणी वाचत नाही. आणि छोट्या शाळेची मदत प्रवेशाच्या दिवशी तोडू नका. पहिल्या घटक चाचणीनंतर बहुतेक मुलं थोडी खाली येतात, तेव्हा आठवड्यातून एक-दोन तास जुन्या बाईंकडे बसायची सोय असली की ती सावरतात. पहिलं सत्र तरी हे चालू ठेवा, दिवाळीनंतर त्यालाच विचारा अजून हवंय का.